परदेशी विद्यापीठात पाहुणे अध्यापक म्हणून शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातल्या विद्यापीठात काही आठवडे किंवा एखादं सत्र शिकवायला निघालेले अध्यापक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम घेऊन प्रकल्प करून घ्यायचा असेल, तर ही उत्तरं उपयोगी पडतील. कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहिलंय आणि टीमबद्दल सविस्तर. कागदपत्रांसाठी यजमान विद्यापीठात एक ऑफिस असतं. टीमसाठी तुमच्याशिवाय कुणी नसतं.

व्हिजिटिंग स्कॉलर आणि व्हिजिटिंग प्रोफेसर यांत फरक काय?

प्रत्येक विद्यापीठाची व्याख्या वेगळी. बऱ्याच ठिकाणी व्हिजिटिंग स्कॉलर म्हणजे संशोधनासाठी आलेला पाहुणा. त्याला टेबल, ग्रंथालयाचं कार्ड आणि ईमेल मिळतो, पण तास घेण्याची अपेक्षा नसते आणि पगारही नसतो. व्हिजिटिंग प्रोफेसर किंवा लेक्चरर बहुधा विषय शिकवतो आणि मानधन घेतो. काही ठिकाणी मात्र दोन्ही शब्द सरसकट वापरतात.

त्यामुळे पदनामाच्या मागे न लागता निमंत्रणपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: आठवड्याला किती तास, पैसे कोण देणार आणि अंतिम ग्रेड कोणाच्या सहीने जाणार. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. एका विद्यापीठात मी पूर्ण सत्र शिकवलं, आणि शेवटच्या पंधरवड्यात कळलं की ग्रेडवर सही फक्त तिथल्या कायम प्राध्यापकांचीच चालते. विद्यार्थ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. टीममधल्या वादात ते माझ्याकडे न येता थेट त्यांच्याकडे का जात होते, याचा उलगडा तेव्हा झाला.

अशी संधी मिळते कशी?

ठरलेल्या योजना आहेत. अमेरिकेची फुलब्राइट योजना १९४६ साली सुरू झाली आणि आज १६० हून अधिक देशांशी तिची देवाणघेवाण चालते. युरोपात १९८७ साली इरॅस्मस सुरू झालं ते विद्यार्थ्यांसाठी, पण आजच्या इरॅस्मस प्लसमध्ये शिक्षकांनाही शिकवायला जाता येतं. जर्मनीची डीएएडी ही शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था तर १९२५ पासूनची.

तरीही पाहुणे अध्यापक मोठ्या संख्येने ओळखीतूनच जातात. परिषदेतली भेट, एकत्र लिहिलेला शोधनिबंध, आपल्याकडे येऊन गेलेले एखादे प्राध्यापक. ओळखीला वशिला समजून संकोच करू नका. यजमानाला तुमची जबाबदारी घ्यायची असते, त्यामुळे माहितीतला माणूस बरा वाटणं साहजिक आहे. पत्र लिहिताना ‘कुठलाही विषय शिकवायला तयार आहे’ असं म्हणू नका. एक विषय, त्यातला एक टीम प्रकल्प आणि नेमक्या तारखा द्या. योजनेतून जायचं असेल तर जाण्याच्या वर्षभर आधीपासून तयारीला लागा.

व्हिसाचं काय?

पहिला नियम: पर्यटक व्हिसावर जाऊन वर्ग घ्यायचा नाही. ‘दोनच व्याख्यानं आहेत’ असं यजमान म्हणाले तरी त्यांच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

अमेरिकेसाठी बहुधा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीवर येणाऱ्या पाहुण्यांचा व्हिसा लागतो. विद्यापीठ डीएस-२०१९ हा फॉर्म देतं आणि त्यावर तुमचा प्रवर्ग लिहिलेला असतो. तो प्रवर्ग नीट पाहा. शॉर्ट-टर्म स्कॉलरला जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. प्रोफेसर आणि रिसर्च स्कॉलरला पाच वर्षांपर्यंत. पण प्रोफेसर किंवा रिसर्च स्कॉलर म्हणून गेलात आणि तीन महिन्यांत परत आलात, तर त्याच दोन प्रवर्गांत पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. शॉर्ट-टर्म स्कॉलरला हे बंधन नाही. छोट्या मुक्कामासाठी मोठा प्रवर्ग घेऊन बसलेले आणि पुढच्या वर्षीचं निमंत्रण गमावलेले लोक मी पाहिले आहेत. काही जणांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अटही लागू होते. ती व्हिसावर आणि फॉर्मवर नमूद केलेली असते. जे-१ साठी आरोग्यविमाही सक्तीचा आहे आणि त्यात प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं.

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, अल्प मुदतीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. शिकवण्याची परवानगी मात्र प्रत्येक देश वेगळी ठरवतो.

करासाठी दोन्ही देशांतल्या करारात अध्यापकांचं कलम आहे का, ते पाहा. काही करारांत दोन वर्षांपर्यंतच सूट असते, आणि मुक्काम त्याहून लांबला तर आधी मिळालेली सूटही जाते.

किती दिवसांचा मुक्काम टीम प्रकल्पाला पुरतो?

माझं मत स्पष्ट आहे: सहा आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर मोठा टीम प्रकल्प घेऊ नका. इरॅस्मस प्लसमध्ये युरोपातल्या युरोपात शिकवायला जायची मुदत प्रवास सोडून दोन दिवस ते दोन महिने आहे, आणि आठवड्याला किमान आठ तास शिकवावं लागतं. आठ-दहा दिवसांच्या अशा भेटीत एकाच दिवसात संपणारं काम द्या आणि रोज टीम बदला.

कारण टीमला आधी बिघडायला वेळ लागतो, मग जमायला. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटांच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले: जमणं, खटके उडणं, घडी बसणं आणि काम होणं. १९७७ साली त्यांनी मेरी अॅन जेन्सन यांच्यासोबत पाचवा जोडला, पांगणं. प्रत्येक टीम याच क्रमाने जाते असं नाही. पण वेगवेगळ्या देशांतल्या मुलांच्या टीममध्ये खटक्यांचा टप्पा उशिरा येतो, हे मी वारंवार पाहिलंय. पहिले दोन-तीन आठवडे सगळे एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागतात. दोन आठवड्यांचा मुक्काम असेल तर तुम्ही नेमके खटके उडायच्या दिवशी विमानात बसता.

आमच्याकडचा अभ्यासक्रम जसाच्या तसा नेला तर चालेल?

निम्मा न्या. अनोळखी वर्गात प्रत्येक गोष्टीला जास्त वेळ लागतो: सूचना दोनदा सांगाव्या लागतात, उदाहरणं बदलावी लागतात. क्रेडिटचा हिशोबही आधी समजून घ्या. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात. त्यात वर्गाबाहेरचं कामही आलं. पाच क्रेडिटच्या विषयाला विद्यार्थी एकूण १२५ ते १५० तास देणार आहे. टीमच्या बैठका त्या हिशोबात बसवल्या नाहीत तर मुलं पाठ्यपुस्तकाला रजा देतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

टीम मी पाडायच्या की मुलांनी?

तुम्ही. मुलांवर सोडलं तर एका भाषेची मुलं एकत्र बसतात, आणि उरलेल्यांची ‘सगळ्यांनी सोडलेल्यांची’ टीम होते. त्या टीमला ते पहिल्या दिवशी कळतं.

चार किंवा पाच जण पुरेत. सहाव्याला लपायला जागा मिळते. कुठल्या देशातले किती, हे मोजण्याआधी टीम उभी चिरली जाईल का, ते पाहा. डोरा लाउ आणि कीथ मर्निगन या अभ्यासकांनी १९९८ साली ‘फॉल्टलाइन’ची कल्पना मांडली, म्हणजे गटात आधीपासूनच असलेली भेगरेषा. समजा पाच जणांत तिघं एका देशाचे, तिघंही अभियांत्रिकीचे, तिघंही पुरुष. आणि उरलेल्या दोघी दुसऱ्या देशाच्या, समाजशास्त्राच्या. इथे भाषा, विषय, लिंग अशा तिन्ही रेषा एकमेकींवर पडतात, आणि पहिल्या मतभेदाला टीम तिथेच दुभंगते. तेच पाच जण असे निवडा की भाषेने जवळचे असलेले विषयाने लांब असतील. मग भेगा एकमेकींना छेदतात आणि कुणाचाच कायमचा कंपू होत नाही.

एकाकी पडणाऱ्याचाही विचार करा. सबंध टीममध्ये एकट्यालाच इंग्रजी जड जाणार असेल, तर त्याच्या भाषेतला किंवा त्याच्याइतकंच इंग्रजी येणारा एक जण सोबत द्या. दोघं असले की एक जण दुसऱ्याचं म्हणणं पुढे नेतो.

पहिल्या आठवड्यात काय करून घ्यावं?

टीमचा लेखी करार. एक पान बास: भेटायचं कधी, उत्तर किती तासांत द्यायचं, उशीर झाला तर काय, निर्णय मताने की एकमताने, आणि ‘मला पटत नाही’ हे टीमला कसं कळवायचं. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. काहींच्या वर्गांत समोरासमोर ‘चूक आहे’ म्हणणं हा आदर समजतात, काहींच्या वर्गांत तोच अपमान. दोन्ही प्रकारची मुलं तुमच्यासमोर एकाच टेबलावर बसलेली असतात आणि दोघांनाही आपलीच रीत जगाची रीत वाटत असते. ते कागदावर आलं की त्याची चर्चा होते.

तारखा आणि आकडे लिहायची पद्धतही त्याच पानावर ठरवून टाका. ०५/०६ म्हणजे अमेरिकी मुलाला ६ मे, युरोपातल्याला ५ जून. जर्मन मुलाने १.५०० लिहिलं तर ते दीड हजार असतात, दीड नव्हे. खर्चाच्या तक्त्यात एका टीमने हा घोळ घातला आणि तो सादरीकरणाच्या आदल्या रात्री सापडला.

टीममध्ये दोघंच बोलतात, बाकीचे गप्प बसतात. काय करू?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सर्वांत महत्त्वाचाही हाच.

एका सत्रात पाच जणांची एक टीम रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या प्रतीक्षागृहावर काम करत होती. नोंदणीच्या खिडक्या किती, खुर्च्या किती, हे काढायचं होतं. दोघं झरझर बोलायचे, फळ्यावर आकडे मांडायचे. आणखी दोघं मान डोलवायचे. पाचवी विद्यार्थिनी वही उघडून बसायची. तीन आठवड्यांत ‘येस’ आणि ‘ओके’ यापलीकडे मी तिच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात मी तिला कच्ची ठरवून टाकलं होतं.

चौथ्या आठवड्यात मी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक लिहायची, कुठल्याही भाषेत. तिच्या चिठ्ठीवर वरची ओळ तिच्या लिपीत होती आणि खाली मोडक्या इंग्रजीत तीच गोष्ट: पेशंट मोजले, सोबत आलेले मोजले नाहीत. टेबल एकदम शांत झालं. दर रुग्णामागे सरासरी एक माणूस सोबत धरला तरी खुर्च्या दुप्पट लागत होत्या. मी तिला विचारलं, हे कधी लक्षात आलं? तिने वहीची पानं मागे उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. त्यावर तारीख होती पहिल्या बैठकीची.

तीन आठवडे टीम चुकीच्या आकड्यावर घर बांधत होती, आणि बरोबर आकडा त्याच टेबलावर बंद वहीत पडून होता. ती कच्ची नव्हती. तिला वाक्य जुळवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात बोलणं दोन विषय पुढे गेलेलं असायचं. दुसऱ्या भाषेत विचार मांडणाऱ्याचं असंच होतं. वेग हीच बुद्धी, असं टीमला वाटतं. शिक्षकालाही तेच वाटतं. मला वाटलं होतं.

तेव्हापासून मी काही गोष्टी सोडत नाही. प्रत्येक बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून जातात, म्हणजे हळू बोलणारा तयारी करून येतो. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाआधी पाच मिनिटं लेखन, मगच बोलणं. बैठक चालवणारा दर आठवड्याला बदलतो. एका भाषेच्या दोघांना दहा मिनिटं त्यांच्या भाषेत बोलून घ्यायची मुभा असते, फक्त नंतर निष्कर्ष सगळ्यांना सांगायचा. आणि प्रश्न विचारल्यावर मी थांबते. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तो अभ्यास मुलांच्या स्वतःच्या भाषेतल्या वर्गांवरचा होता. परक्या भाषेत तीन सेकंदही कमीच.

एक करू नका: गप्प बसलेल्याचं नाव घेऊन अचानक उभं करू नका. दहा मिनिटं आधी टेबलापाशी जाऊन हळूच सांगा, ‘तुझा हा मुद्दा चांगला आहे, मी तुला विचारणार आहे.’

मग शांत, वाद नसलेली टीम चांगली की वाईट?

बहुतेकदा काळजीची. टीमच्या कामाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीम आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या. चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या होत्या, कारण तिथे चूक उघड बोलायची भीती नव्हती. त्यातूनच पुढे १९९९ साली त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. म्हणून आठवड्याच्या अहवालात मी एक ओळ सक्तीची ठेवते: ‘या आठवड्यात आपलं काय चुकलं?’ ‘काहीच नाही’ असं दोनदा आलं की मी त्या टीमसोबत जाऊन बसते.

माझं स्वतःचं इंग्रजी त्यांच्यासारखं नाही. विद्यार्थी मान देतील का?

देतील. अनेक देशांच्या वर्गात इंग्रजी जन्मभाषा असलेले कमीच असतात, आणि बाकीच्यांना बाहेरून शिकलेलं, सावकाश, पूर्ण वाक्यांचं इंग्रजी जास्त सोपं जातं. महत्त्वाच्या सूचना लेखी द्या, म्हणी-वाक्प्रचार टाळा, आकडे फळ्यावर लिहा. एखादा शब्द अडला तर वर्गाला विचारा. शिक्षिका शब्दासाठी थांबते हे पाहिलं की मुलांनाही थांबायचं धैर्य येतं.

एक जण कामच करत नाही अशी तक्रार आली तर?

आधी दोरीची गोष्ट. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले: माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. पुढे १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की माणूस गटात खरोखरच कमी जोर लावतो. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की आपला वाटा वेगळा ओळखू येणार असेल तर ढिलाई कमी होते. म्हणून प्रत्येकाच्या नावासमोर त्याचं काम दिसेल अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी.

पण तक्रार आली की लगेच निकाल देऊ नका. त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलवा आणि विचारा, ‘टीमने तुला कोणतं काम दिलं?’ कितीतरी वेळा उत्तर येतं, ‘स्लाइड नीट करायच्या’. इंग्रजी कमी असलेल्याला सजावट द्यायची, आणि मग ‘याने विचार काहीच केला नाही’ म्हणायचं, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी आता कामाच्या वाटपाचा तक्ता दुसऱ्याच आठवड्यात मागवते. सजावटीपलीकडे ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याच्या टीमला तक्ता परत जातो.

खरोखरच टाळाटाळ असेल तर टीमच्या करारावर बोट ठेवा, लेखी ताकीद द्या आणि यजमान सहकाऱ्याला कळवा. विद्यार्थ्याला टीममधून काढण्याचा अधिकार पाहुण्याला आहे का, ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

भांडण झालं तर मध्ये पडावं का?

कामावरून असेल तर लगेच नको. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं अर्ध्या पानात लिहायला सांगा आणि कागदांची अदलाबदल करा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. कुणाच्या देशावरून, धर्मावरून, वर्णावरून, उच्चारावरून कुणी बोललं असेल तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला मध्ये पडा. आणि ज्यांचे देश एकमेकांशी युद्धात आहेत अशी दोन मुलं वर्गात असतील, तर त्यांना एका टीममध्ये घालून समेटाचा प्रयोग करू नका. ती मुलं शिकायला आलेली आहेत.

ग्रेड कशा द्याव्यात?

मी टीमच्या कामाला ६० टक्के आणि वैयक्तिक कामाला ४० टक्के ठेवते. वैयक्तिक भागात प्रत्येकाचं स्वतंत्र दोन पानी टिपण आणि पंधरा मिनिटांची तोंडी मुलाखत. मुलाखतीत भाषेच्या चुकांना गुण कापत नाही, हे आधी जाहीर करते.

मुलांकडून एकमेकांचं मूल्यमापन करून घेता येतं, पण नुसते आकडे मागू नका. काही मुलं सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, कारण मित्राचे गुण कापणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. काही मुलं प्रामाणिकपणे दहापैकी सहा देतात. दोघांची सरासरी काढली की अन्याय होतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: ‘या सदस्याने टीमला असं काय दिलं, जे दुसऱ्या कुणी दिलं नसतं?’ उत्तरं वाचताना कुणी काय केलं ते लख्ख दिसतं.

आकड्यांचा अर्थही देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये २० पैकी १५ मिळालेला विद्यार्थी खूश असतो. १६ म्हणजे तिथे अत्युत्तम. तेच प्रमाण म्हणजे ७५ टक्के, आणि अमेरिकी मुलगा ते मधली ‘सी’ श्रेणी समजून खचतो. जर्मनीत १,० सर्वोत्तम आणि ४,० काठावर पास; डेन्मार्कची श्रेणी उणे ३ पासून १२ पर्यंत जाते. सिलॅबसमध्ये प्रत्येक श्रेणीचा अर्थ एका वाक्यात लिहा. देवाणघेवाणीवर आलेल्या मुलाच्या ग्रेडचं रूपांतर त्याचं मूळ विद्यापीठ करतं, तुम्ही करायचं नसतं.

टीममधले काही जण दुसऱ्या देशातून ऑनलाइन असतील तर?

बैठकीची वेळ दर आठवड्याला फिरवा. नेहमी एकाच विद्यार्थ्याने रात्री दोनला जागायचं, हे चालणार नाही. घड्याळबदलावर लक्ष ठेवा: अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा फरक एका तासाने बदलतो. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिण्याची सवय लावा. चीनमध्ये असलेल्या विद्यार्थ्याला गूगल डॉक्स किंवा व्हॉट्सअॅप सहज उघडत नाही, तेव्हा साधन ठरवण्याआधी सगळ्यांना विचारा. तासाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी घ्या. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्या-आवाजालाही लागू होतो.

मुलं भाषांतराची साधनं आणि एआय वापरतात. वापरू द्यावं?

विद्यापीठाचा नियम आधी वाचा, तो अंतिम. तो मोकळीक देत असेल तर मी भाषेसाठी वापरू देते: स्वतः लिहिलेलं भाषांतरित करणं, व्याकरण सुधारणं. मूळ मसुदा मात्र जोडायचा, विद्यार्थ्याच्या भाषेत असला तरी. संदर्भ देण्याच्या पद्धतीवर एक पूर्ण तास द्या. अभ्यासकाचं वाक्य जसंच्या तसं उचलणं हा काही मुलांना त्याचा मान वाटतो. शिक्षा करण्याआधी त्यांना शिकवायला हवं.

विद्यार्थ्यांना नावाने हाक मारावी का? त्यांनी मला काय म्हणावं?

कुणी ‘प्रोफेसर’ म्हणेल, कुणी पहिल्या नावाने, कुणी नुसतं ‘टीचर’. तिन्हींत आदर असू शकतो. तुम्हाला काय आवडेल ते पहिल्या तासाला सांगून टाका. मुलांची नावं मात्र शिकाच. प्रत्येकाकडून नाव त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या आणि रात्री ऐका. ‘माझं नाव अवघड आहे, मला सॅम म्हणा’ असं कुणी म्हणालं तर विचारा, ‘तुला सॅम आवडतं की लोकांना जमत नाही म्हणून?’ एका मुलाने यावर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या नावाच्या पट्टीवर त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहून आणलं होतं.

यजमान विभागात कुणाशी जुळवून घ्यावं?

विभागप्रमुखांशी सौजन्याने, विभागाच्या कचेरीतल्या मंडळींशी मनापासून. खोली, किल्ली, प्रिंटर, आजारी विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र, सगळं त्यांच्या हातून होतं. आणि एक स्थानिक सहअध्यापक मागून घ्या. तुम्हाला खटकलेली गोष्ट विद्यार्थ्याची आहे की तिथल्या शिक्षणपद्धतीची, हे तोच सांगू शकतो.

परत आल्यावर काय उरतं?

शिफारसपत्रं. ती वर्ष-दोन वर्षांनी मागितली जातात, तोवर चेहरे पुसट झालेले असतात आणि यजमान विद्यापीठाने तुमचा ईमेल बंद केलेला असतो. म्हणून निघण्याआधी मुलांना तुमचा कायमचा पत्ता द्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल अर्धं पान लिहून ठेवा: कुठल्या टीममध्ये होता, कुठला मुद्दा त्याचा होता, कुठे अडला आणि कसा सुटला. ग्रेड त्यात नको, ती गुणपत्रिकेत असते. त्या प्रतीक्षागृहाच्या टीममधल्या विद्यार्थिनीने दीड वर्षाने मला पत्र मागितलं. तिच्या अर्ध्या पानावर मी त्या चिठ्ठीतल्या दोन ओळी उतरवून ठेवल्या होत्या, आणि वहीतली तारीखही. पत्राची सुरुवात मी तिथूनच केली.